मातीत किती आहे आणि पिकाला किती मिळते?

१/ परभणी जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत स्फुरद असतो. शेतकरी पदरमोड करून खतातून आणखी घालतो. तरीही पीक उपाशी राहू शकते. हे कोडे उलगडायला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला.

२/ १७९८. नेपोलियनच्या मोहिमेसोबत इजिप्तला गेलेल्या रसायनज्ञ बर्थोले याने खाऱ्या तळ्यांकाठी सोड्याचे थर पाहिले. प्रयोगशाळेत सोडा आणि कॅल्शियम क्लोराइड यांपासून मीठ व कॅल्शियम कार्बोनेट बनते. येथे विपुल मीठ आणि चुनखडक यांमुळे अभिक्रिया उलटी चालली होती. म्हणजे तिची दिशा पदार्थांच्या प्रमाणावरही ठरते.

३/ १८६४ मध्ये नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी या विचाराला गणिती रूप दिले. समतोल म्हणजे अभिक्रिया थांबणे नव्हे. दोन्ही दिशांनी ती सारख्याच वेगाने चालणे होय.

४/ आता परभणीकडे वळू. बेसाल्टपासून बनलेल्या येथील जमिनींत चुनखडी आढळते आणि सामू बहुधा ७ च्या वर असतो. सुपर फॉस्फेटमधला विद्राव्य स्फुरद कॅल्शियमशी जखडला जातो. मुळांनी थोडा शोषला, की थोडाच पुन्हा विरघळतो.

५/ मग तो मोजायचा कसा? १८९४ मध्ये इंग्लंडच्या बर्नार्ड डायरने १ टक्का सायट्रिक आम्ल सुचवले. पण चुनखडीच्या मातीत चुनाच ते आम्ल खाऊन टाकतो आणि आकडा फसवा ठरतो.

६/ १९५४ मध्ये अमेरिकेतील स्टर्लिंग ओल्सन आणि सहकाऱ्यांनी ८.५ सामूचे सोडियम बायकार्बोनेटचे द्रावण वापरले. त्यात कॅल्शियम कार्बोनेटरूपाने खाली बसते, समतोल सरकतो आणि स्फुरद द्रावणात उतरतो. मग निळ्या रंगाच्या गडदपणावरून त्याचे मापन होते.

७/ परभणीत १९५६ मध्ये कृषी महाविद्यालय आणि १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. अल्कधर्मी जमिनींसाठी भारतातील प्रयोगशाळा आजही ओल्सन पद्धतच वापरतात.

८/ म्हणूनच २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेवरील ‘उपलब्ध स्फुरद’ हा आकडा जमिनीतील एकूण साठ्याचा नव्हे. ठरावीक द्रावणाने ढळवलेल्या समतोलाचे ते उत्तर आहे. पिकांवरील प्रयोगांशी ताडल्यावरच त्याला अर्थ येतो. तो अर्थ न कळता पोतेभर खत वाढवले, तर शेतकऱ्याचा पैसा चुनखडीतच गाडला जातो.