रस्ता सरकारी, शर्यत खासगी

जुलैमध्ये आल्प्सच्या एखाद्या घाटात सकाळपासूनच माणसे रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसलेली असतात. सायकलपटूंच्या आधी जाहिरातींच्या गाड्यांचा लांबलचक ताफा येतो. गाड्यांवरून टोप्या, कीचेन, खाऊची पाकिटे फेकली जातात आणि ती झेलायला नातवंडांबरोबर आजी-आजोबाही धावतात. मग घामाने निथळणारे सायकलपटू हाताच्या अंतरावरून जातात. तिकीट नाही, दरवाजा नाही. मुंबई–पुणे शर्यत पाहायला बोरघाटात उभे राहिलेल्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. मात्र ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतीचा रस्ता सर्वांचा असला, तरी शर्यत आमोरी नावाच्या एका घराण्याची आहे. रस्ता ज्याच्या मालकीचा नाही, त्याच्या मालकीचे नेमके काय आहे? खेळाच्या मालकीचा अभ्यास या एका प्रश्नापासून सुरू करावा, असे मला मनापासून वाटते.

या शर्यतीचे मूळ वृत्तपत्राच्या खपात आहे. पॅरिसमध्ये ‘ल वेलो’ हे हिरव्या कागदावर छापले जाणारे क्रीडा दैनिक जोरात होते. ज्यू लष्करी अधिकारी ड्रेफस यांच्यावरील देशद्रोहाच्या आरोपावरून तेव्हा फ्रान्स दुभंगला होता. ‘ल वेलो’चे संपादक पिएर जिफार ड्रेफसच्या बाजूचे, तर मोटार कारखानदार काउंट द दियों विरुद्ध पक्षातले. जाहिरातदार असलेल्या द दियोंनी इतर उद्योजकांना हाताशी धरून १९०० मध्ये पिवळ्या कागदावरचे नवे दैनिक काढले. जानेवारी १९०३ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने त्याला आपल्या नावातला ‘वेलो’, म्हणजे सायकल, हा शब्द सोडावा लागला आणि उरले नुसते ‘लोतो’, म्हणजे मोटार. सायकलवेडा वाचक हातचा जाणार, ही धास्ती खरी होती. तरुण पत्रकार जेओ लफेव्र यांनी अख्ख्या फ्रान्सला फेरी घालणारी शर्यत सुचवली, हिशेब सांभाळणाऱ्या व्हिक्टर गोदे यांनी पैशाला होकार दिला आणि संपादक आंरी देग्रांज यांनी ती तडीस नेली. १ जुलै १९०३ रोजी ६० जण निघाले, २१ जणांनी फेरी पूर्ण केली. ‘लोतो’चा खप सुमारे २५ हजारांवरून ६५ हजारांवर गेला आणि पुढच्याच वर्षी ‘ल वेलो’ बंद पडले.

जाहिरातींचा तो ताफाही असाच गरजेतून आला. सायकल कंपन्यांच्या संघांना कंटाळून देग्रांज यांनी १९३० मध्ये राष्ट्रीय संघ आणले. साहजिकच सायकलपटूंचा खर्च संयोजकांच्या अंगावर पडला आणि तो भागवण्यासाठी जाहिरातदारांना रस्त्यावर जागा विकली गेली.

मालकीची खरी कहाणी दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. जर्मन अमलाखालीही छापले जात राहिल्याने ‘लोतो’ १९४४ मध्ये बंद केले गेले. व्हिक्टर यांचे पुत्र झाक गोदे यांनी १९४६ मध्ये ‘लेकिप’ काढले. १९४७ मध्ये शर्यत पुन्हा सुरू झाली, तेव्हा ‘ल पारिझियाँ लिबेरे’ (पुढे ‘ल पारिझियाँ’) या दैनिकाचे मालक एमिलियाँ आमोरी भागीदार होते. प्रतिकार चळवळीतल्या कामामुळे त्यांच्या शब्दाला वजन होते. १९६५ मध्ये त्यांनी ‘लेकिप’ही विकत घेतले. १९७७ मध्ये घोड्यावरून पडून ते गेले आणि मुलगा फिलिप व मुलगी फ्रान्सीन यांच्यात वारशाचा वाद पेटला. १९८३ मध्ये वाटणी झाली तेव्हा दैनिके फिलिप यांच्याकडे आली आणि त्यांच्यासोबत शर्यतही. इस्टेटीच्या वाटणीत एका देशाचा उन्हाळी सण एका भावाच्या वाट्याला यावा, ही गोष्ट मला आजही थक्क करते. फिलिप २००६ मध्ये वारले. त्यानंतर पत्नी मारी-ओदिल यांनी उद्योगसमूहाची सूत्रे हाती घेतली, तर मुलगा झाँ-एतियेन शर्यती चालवणाऱ्या ‘आसो’ या कंपनीचा प्रमुख झाला. २०१३ मध्ये लागार्देर समूहाचा २५ टक्के हिस्सा परत विकत घेऊन घराण्याने पूर्ण ताबा मिळवला. दोन वर्षांनी ‘ल पारिझियाँ’ विकले, शर्यत मात्र ठेवली. ज्या धंद्याला हातभार म्हणून ती जन्मली, तो आक्रसला आणि हातभारच मुख्य मिळकत झाला.

मग मालकीचे ते काय? नाव, तारखा, मार्ग ठरवण्याचा अधिकार आणि सर्वांत मोलाचे म्हणजे चित्रीकरणाचे हक्क. शर्यत आपल्या गावात यावी म्हणून नगरपालिका पैसे मोजतात. संघांना मात्र प्रक्षेपणाच्या उत्पन्नात वाटा नाही. ते प्रायोजकांच्या भरवशावर जगतात आणि प्रायोजक गेला की संघ मोडतो. विजेत्याचे बक्षीस ५ लाख युरो आहे. तीन आठवडे देह झिजवणाऱ्यांच्या वाट्याला एवढेच यावे, हे मला अन्याय्य वाटते. तरीही या घराण्याने शर्यत बाहेर विकली नाही आणि रस्त्याकडेच्या प्रेक्षकाकडून एक पैसा घेतला नाही, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही बाजू एकाच कागदावर मांडण्याची तयारी असणाऱ्यांचे या अभ्यासात स्वागत आहे.

त्यासाठी फ्रेंच उत्तम यायलाच हवी असे नाही. ‘लोतो’चे जुने अंक फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने सर्वांसाठी खुले केले आहेत. १९ जानेवारी १९०३ चा अंक काढा. शर्यतीची घोषणा वाचून झाली की पाने उलटा आणि जाहिराती कोणाकोणाच्या आहेत, ते वहीत उतरवून घ्या.