फाळक्यांचा कारखाना आणि मोकाशींचे हसू

आम्हां वसमतकरांना कारखाना म्हटला की साखरेचा आठवतो. ऊस आत जातो, धूर वर जातो आणि पोत्यांची थप्पी लागते. त्यात गूढ असे काही नाही. म्हणूनच की काय, ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हे नाव प्रथम कानी पडले तेव्हा ते आम्हांला विनोदी वाटले. सत्यासाठी राज्य, बायको आणि मुलगा घालवून बसलेल्या राजाचा कारखाना असतो तरी कसला? पुढे कळले की विनोद नावातच होता आणि तो जुना होता. सिनेमात काम करतो म्हटले की लोक नाके मुरडीत. तेव्हा विचारणाऱ्याला आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे सांगावे, अशी युक्ती दादासाहेब फाळक्यांनी आपल्या मंडळींना शिकवली होती, असे सांगतात.

परेश मोकाशी यांचा हा चित्रपट २००९ सालचा; चित्रपटगृहांत तो जानेवारी २०१० मध्ये आला. मोकाशी मूळचे रंगभूमीवरचे. ‘मुक्काम पोस्ट बोंबीलवाडी’ या फार्समुळे त्यांचे नाव झालेले होते. चित्रपट दिग्दर्शित करण्याची ही त्यांची पहिलीच वेळ. पहिल्याच चित्रपटासाठी त्यांनी विषय घेतला तो देशातल्या पहिल्या कथाचित्रपटाच्या जन्माचा, आणि तो सांगितला हसत हसत. आमच्या मते या चित्रपटाचे ऐतिहासिक महत्त्व या हसण्यात आहे. मात्र त्या हसण्याचा हिशेबही मांडला पाहिजे.

मराठीत चरित्र लिहायचे म्हणजे आधी हात जोडायचे, असा रिवाज आहे. थोर पुरुष बालपणापासूनच थोर असतो, त्याची पत्नी सोशिक असते आणि त्याचे कर्ज हा त्याग असतो. फाळक्यांच्या आयुष्यात या साच्यासाठी लागणारा ऐवज भरपूर होता. १९११ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. मग झपाटल्यासारखे प्रयोग सुरू झाले आणि डोळ्यांवर बेतले. विम्याची पॉलिसी गहाण पडली. १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले, तिथे सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत काम पाहिले आणि विल्यमसन कॅमेरा व छिद्रे पाडण्याचे यंत्र मागवून परतले. कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित करून त्यांनी सावकाराचा विश्वास मिळवला. तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहातला साळुंके नावाचा आचारी त्यांनी उभा केला. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये लागला.

हे सारे करुण सुरात सांगता आले असते. मोकाशींनी ओळखले की यातली प्रत्येक घटना मुळातच हास्यास्पद आहे. मिशा काढायला कुरकुर करणारी ‘राणी’, चित्रणासाठी वांगणीला गेलेल्या शस्त्रधारी नटांना दरोडेखोर समजणारे गावकरी, घरातल्या वस्तू एकेक करून विकल्या जात असता मजा वाटणारी मुले, आणि या गृहस्थाच्या डोक्यावर परिणाम झाला असे मानणारे शेजारी. नंदू माधव यांनी उभे केलेले फाळके या सगळ्यातून चार्ली चॅप्लिनच्या चालीने चालत जातात. विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई सोसत बसत नाहीत, त्या भागीदार होतात. इतिहासही तेच सांगतो. रात्री जागून फिल्मला छिद्रे पाडणे, रसायने कालवणे आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक रांधणे ही कामे त्यांनी केली. त्या कारखान्यातल्या पहिल्या कुशल कामगार सरस्वतीबाईच होत.

याच सुमारास फिलिपीन्समध्ये एक चित्रपट निघाला. मार्लन रिव्हेरा दिग्दर्शित आणि ख्रिस मार्टिनेझ लिखित ‘आंग बाबाए सा सेप्टिक टँक’ हा २०११ चा. परदेशी महोत्सवांत नाव व्हावे म्हणून तीन तरुण झोपडपट्टीतल्या दारिद्र्यावर चित्रपट काढायला निघतात. गरिबी त्यांच्या लेखी विकाऊ माल असतो. हसू काळे आहे, आणि ते दिग्दर्शकाच्या स्वतःच्याच जातीवर उलटलेले आहे. योगायोग असा की महोत्सवांच्या हव्यासाची टिंगल करणारा हा चित्रपट फिलिपीन्सने ऑस्करसाठी पाठवला. त्याच्या दोन वर्षे आधी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ भारताकडून तिथेच गेला होता. ‘श्वास’नंतर हा मान मिळालेला तो दुसरा मराठी चित्रपट. रिव्हेरा पुढे २०१३ मध्ये धंदेवाईक करमणुकीकडेही वळले. चित्रपट करणाऱ्याला आपल्या थट्टेतून सुटका नसते, एवढाच याचा अर्थ.

या दोन चित्रपटांशेजारी फाळक्यांचीच एक लहानशी चित्रफीत ठेवावी. १९१७ मध्ये, चित्रपट कसे तयार होतात हे दाखवण्यासाठी, ते स्वतः कॅमेऱ्यापुढे आले होते. चित्रपटाविषयीचा चित्रपट ही अलीकडच्या चतुरांची कल्पना नव्हे. आपल्याकडे ती कारखान्याच्या मालकानेच प्रथम काढली. पुढे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहून त्यांनी नाटकवाल्यांचाही समाचार घेतला. स्वतःच्या धंद्याकडे तिरक्या नजरेने पाहणे फाळक्यांना वर्ज्य नव्हते. ते वर्ज्य केले आपण, त्यांचा पुतळा झाल्यावर.

आता हिशेब. मोकाशींचा चित्रपट १९१४ च्या लंडनवारीपाशी, यशाच्या टोकावर थांबतो. पुढची उतरण त्यात नाही. १९१८ साली भागीदारांसह काढलेल्या हिंदुस्तान फिल्म कंपनीतले खटके, रागाने काशीला जाणे, बोलपट आल्यावर १९३२ चा ‘सेतुबंधन’ मूकपट म्हणून अडकणे, १९३७ चा ‘गंगावतरण’ आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला विस्मृतीत आलेला मृत्यू, हे सारे चौकटीबाहेर राहते. दिग्दर्शकाने अंधार टाळला, असा आक्षेप त्यावर घेता येतो. आम्हांलाही पहिल्यांदा पाहताना तो पटला होता. दुसऱ्यांदा पाहताना पटेना. ज्याला पुढचे ठाऊक आहे, त्याला घरातले कपाट विकले जाताना आलेले हसू घशात अडकते. अंधार दाखवलेला नाही, तो प्रेक्षकाच्या माहितीवर सोपवलेला आहे.

मोकाशींची पुढची वाट पाहिली की हे अधिक उमगते. ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) मध्ये पंढरपुरातले एक पोर विकली जाऊ पाहणाऱ्या सायकलीसाठी यात्रेत धंदा मांडते. पुन्हा कर्ज आणि पुन्हा खेळ. ‘वाळवी’ (२०२३) मध्ये हसू उघडपणे काळे झाले. खुनाचा बेत आखणारी सुसंस्कृत माणसे एकमेकांना आतून पोखरत जातात. त्याला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘बोंबीलवाडी’ तर २०२५ च्या पहिल्या दिवशी पडद्यावर आले. पैशाची चणचण आणि माणसाची हौस यांच्या ओढाताणीतून निघणारे हसू हाच या दिग्दर्शकाचा कच्चा माल आहे.

हे आम्ही वसमतेत बसून का लिहावे? फाळक्यांचा राजा कॉरोनेशनमध्ये सत्य पाळत होता तेव्हा आमचे गाव निजामाच्या मुलखात होते. मुंबई, पुणे, कोल्हापूर, नाशिक यांच्या चित्रपट-इतिहासात आमची जागा पडद्यासमोरच्या जमिनीवर. जत्रेतल्या तंबूत बसून ज्यांनी तिकिटाचा आणा मोजला, त्यांचे नाव कोणत्याही श्रेयनामावलीत येत नाही. तरी कारखान्याचा हिशेब त्यांच्यावाचून जुळत नाही. साखरेच्या कारखान्याचा इतिहास जसा ऊस घालणाऱ्याला सोडून लिहिता येत नाही, तसाच हाही.

मोकाशींनी फाळक्यांना चौथऱ्यावरून उतरवून बिऱ्हाडात आणले, म्हणून ते आम्हांला ओळखू आले. असा हौशी कर्जबाजारी आमच्या गल्लीतही असतो आणि आम्हीही त्याला वेडा म्हणतो. पुढच्या वेळी म्हणण्यापूर्वी थोडे थांबावे.