आगकाड्यांची मौज : दादासाहेब फाळके यांचा हरवलेला लघुपट

१/ साल १९१५. महायुद्धामुळे परदेशी कच्च्या फिल्मची टंचाई. अशा काळात ‘राजा हरिश्चंद्र’कार दादासाहेब फाळके यांनी आगपेटीतील काड्यांना नट केले. लघुपटाचे नाव ‘आगकाड्यांची मौज’.

२/ तंत्र सोपे, पण जिकिरीचे. काड्या मांडायच्या, एकच चौकट टिपायची, काड्या किंचित सरकवायच्या, पुन्हा एक चौकट. मूकपटाचा वेग सेकंदाला साधारण १६ चौकटी. प्रत्येक चौकटीत हालचाल हवी असेल, तर पडद्यावरील एका मिनिटासाठी ९६० वेळा हेच करायचे.

३/ ही चिकाटी फाळक्यांच्या अंगवळणी पडलेली होती. १९१२ मध्ये लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली. कित्येक दिवसांची वाढ पडद्यावर क्षणांत उलगडली. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे करताना हीच फिल्म कामी आली.

४/ काड्या नाचवण्याची कल्पना जगात अगदी नवी नव्हती. फ्रान्समध्ये एमिल कोल यांनी १९०८ मध्येच काड्यांचा चित्रपट केला होता. मात्र भारतात या कामाचा अनुभव असलेला कारागीर वर्ग तेव्हा नव्हता. चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण आणि जादूचे प्रयोग ही फाळक्यांची स्वतःची शिदोरीच येथे उपयोगी पडली.

५/ आज हा लघुपट उपलब्ध नाही. त्या काळची नायट्रेट फिल्म काळाबरोबर कुजत असे आणि चटकन पेट घेत असे. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ मध्ये. तोवर फाळक्यांच्या निधनालाही २० वर्षे लोटली होती. बहुतेक मूकपट नाहीसे झाले, त्यांत हाही गेला.

६/ या हानीचा परिणाम इतिहासलेखनावर होतो. ‘लंका दहन’, ‘कालिया मर्दन’ यांमुळे फाळके पौराणिक चित्रपटांचे जनक म्हणून स्मरणात राहिले. शीर्षकातच ‘मौज’ म्हणणारा, घरातल्या क्षुल्लक वस्तूशी खेळणारा प्रयोगशील फाळके मात्र तळटीपेत उरला.

७/ भारतीय अॅनिमेशनचा आरंभ सांगताना अनेकदा १९३४ च्या सुमाराचे रेखाटलेले व्यंगचित्रपट पुढे येतात. ‘प्रभात’चा ‘जंबू काका’ त्यांपैकीच. रेखाचित्रांपुरते ते योग्य. पण निर्जीव वस्तूला चौकटीगणिक हलवणे हेही अॅनिमेशनच. आणि तिथून मोजले, तर आरंभ १९ वर्षे मागे जातो, एका आगपेटीपाशी.

८/ न पाहिलेल्या चित्रपटाचे आकर्षण का वाटावे? त्याची कृती अजून हाताशी आहे म्हणून. एक आगपेटी, एक कॅमेरा आणि पुष्कळ धीर, एवढ्यावर ती मौज आजही कुणालाही पुन्हा करून पाहता येते.