सोबती-शिक्षक : पंतोजींच्या शाळेपासून यंत्रमानवापर्यंत

प्राथमिक वर्गातील यंत्रमानवाचा इतिहास बहुधा जपानपासून सांगितला जातो. ताकायुकी कांदा, हिरोशी इशिगुरो प्रभृतींनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ‘रोबोव्ही’ जातीचे दोन यंत्रमानव एका जपानी प्राथमिक शाळेत १८ दिवस वावरले. ते मुलांशी इंग्रजीत बोलत, अंगावरील बिल्ल्यावरून त्यांना नावाने ओळखत. संशोधकांनी त्यांना गुरू नव्हे, सोबती-शिक्षक म्हटले.

हा सोबती-शिक्षक आम्हांस ओळखीचा वाटतो. आपल्या गावठी शाळेत पंतोजी एक आणि मुले नाना वयांची. तेव्हा थोरल्याने धाकट्याची धुळाक्षरे गिरवून घ्यायची, हा परिपाठच होता. मद्रासच्या एग्मोर येथील अनाथाश्रमात अँड्र्यू बेल यांनी १७८९नंतर जी पद्धत बसवली, तिची प्रेरणा वाळूत अक्षरे गिरवणाऱ्या देशी शाळेची. बेल आणि लँकेस्टर यांच्यामुळे ती इंग्लंडात फोफावली. १८२०च्या दशकात मुंबई इलाख्यातील मराठी शाळांत ती विलायती शिस्त लेवून परतली. सोबत्याचा तोवर यंत्राचा एक दाता झाला होता.

परभणी त्या इलाख्यात नव्हती. ती निजामाच्या राज्यात होती. तेथे पद्धतीहून भाषेचा प्रश्न तीव्र ठरला. उर्दू परभणीला परकी नव्हती, कित्येक घरांची ती मायबोलीच होती. परंतु वरच्या शिक्षणाचे माध्यम तीच झाल्याने मराठी घरातील मुलाची वाट अवघड झाली. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी ती राजवट संपली. प्रश्न मात्र संपला नाही, त्याने केवळ कूस बदलली : तांड्यावरून येणारे, घरी गोरमाटी बोलणारे मूल आता प्रमाण मराठीपुढे तसेच गोंधळून उभे राहते.

यंत्रशिक्षकाची कसोटी आम्हांस येथे दिसते. जपानमध्येही पहिल्या आठवड्यानंतर बहुतेक मुलांचा ओढा ओसरला. ज्यांचा टिकला, त्यांचे इंग्रजी सुधारले. म्हणजे शिकणे जडले ते सहवासाला. २००९च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार ६० मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक. तेव्हा लहान गावात अनेक इयत्ता एकत्र बसणारच, आणि मदतीचा हात कोणाचाही असो, हवाच आहे. यंत्रास आमचा विरोध नाही. मात्र शेजारी बसलेली थोरली मुलगी जे सहज करते, धाकट्याचा अडलेला शब्द त्याच्याच बोलीत उलगडून देते, ते त्यास साधते काय, हे आधी पाहावे. न साधल्यास तांड्यावरच्या मुलापुढे आणखी एक परके दार उभे राहील. फरक इतकाच, की हे दार त्याला नावाने हाक मारील.