माझी नरोटी

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना पुण्यातल्या हॉस्टेलात माझं आणि रूममेटचं कडाक्याचं भांडण झालं. विषय होता कॅरा थ्रेस नावाची एक बाई, आणि ती नक्की मेली होती की नाही. तो अकोल्याचा, मी नागपूरचा, धरमपेठेतला. वैदर्भीय म्हणून एरवी आमची युती असायची, पण त्यानंतरचे चार दिवस आम्ही एकमेकांशी मेसच्या कुपनांपुरतंच बोललो. कॅरा थ्रेस खरी नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

ती 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या मालिकेतली वैमानिक. (शेवट सांगणार आहे. मालिका २००९ साली संपली, आता तक्रार चालणार नाही.) मूळ मालिका १९७८ची, अमेरिकेत एबीसी वाहिनीवरची. सायलॉन नावाचे यंत्रमानव माणसांच्या बारा वसाहती बेचिराख करतात आणि वाचलेली माणसं एका युद्धनौकेच्या आसऱ्याने पृथ्वी नावाच्या, दंतकथेतल्या ग्रहाच्या शोधात निघतात. त्यात स्टारबक हा सिगार ओढणारा, जुगारी, बायकांच्या मागे असणारा, पण मनाचा मोकळा पुरुष होता. डर्क बेनेडिक्टने तो रंगवला. त्याचा जिवलग मित्र अपोलो म्हणजे रिचर्ड हॅच. एका सीझननंतर मालिका बंद पडली, पण तिचे चाहते टिकून राहिले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस खुद्द हॅचने पदरमोड करून पुढच्या कथेचा ट्रेलर बनवला आणि चाहत्यांच्या मेळाव्यांत दाखवत फिरला. जिथे थांबली तिथून ती पुढे न्या, एवढंच त्याचं आणि चाहत्यांचं मागणं होतं.

डिसेंबर २००३मध्ये रोनाल्ड मूर आणि डेव्हिड आइक यांनी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. स्टारबक आता कॅरा थ्रेस नावाची स्त्री झाली होती. सिगार तोच, जुगार तोच. सायलॉन माणसांसारखे दिसू लागले, त्यातल्या काहींना तर आपण सायलॉन आहोत हेच माहीत नव्हतं. जुने चाहते खवळले. बेनेडिक्टने एक लांबलचक संतप्त लेख लिहिला; आपल्या नायकाचं पुरुषपण कापून टाकलं, असा त्याचा सूर होता. हॅचही आधी विरोधात होता, पण नंतर त्याने नव्या मालिकेत टॉम झारेक या बंडखोराची भूमिका घेतली आणि झकास केली. आपल्याकडे समितीविरुद्ध सभा गाजवणारा माणूस पुढे त्याच समितीत सदस्य होतो, तसंच हे.

आता अपोलो आणि स्टारबक यांच्यात मैत्रीपलीकडचं काही शक्य झालं होतं, आणि पुढची सगळी भांडणं तिथून निघाली. २००६च्या एका भागात ली आणि कॅरा एक रात्र उघड्यावर, चांदण्यांखाली एकत्र घालवतात, एकमेकांवर प्रेम आहे असं ओरडून सांगतात, आणि सकाळी उठून ती सॅम अँडर्सशी लग्न करून मोकळी होते. माझ्या रूममेटच्या मते लेखकांनी इथे पात्राचा खून केला. मला वाटायचं, कॅरा दुसरं काही करणंच शक्य नव्हतं. मारकुट्या आईच्या हाताखाली वाढलेल्या आणि बाप सोडून गेलेल्या पोरीला जे हवं असतं त्यापासूनच ती पळते. पुढे २००७मध्ये तिचं विमान फुटतं, ती मरते, काही भागांनंतर परत येते. मग एका उजाड ग्रहावर तिला स्वतःचंच जळालेलं प्रेत सापडतं. शेवटच्या भागात ती लीशी बोलता बोलता नाहीशी होते. तो मान वळवतो, परत बघतो, तर ती नाही. स्पष्टीकरण शून्य.

त्याआधी महिनाभर चाहत्यांनी आपल्यापुरता उलगडा केलेला होता. फेब्रुवारी २००९च्या एका भागात डॅनियल नावाच्या, नष्ट केलेल्या सातव्या सायलॉनचा ओझरता उल्लेख येतो. तो कलावंत होता. दोन भागांनंतर कॅराचा परागंदा बाप दिसतो, पियानो वाजवणारा. झालं! डॅनियल हाच कॅराचा बाप, म्हणून ती परत येऊ शकली. सगळे धागे जुळत होते. मूर यांना या तर्काचा पत्ताच नव्हता. त्यांनी जाहीरपणे सांगून टाकलं की असं काही नाही, डॅनियल फक्त एक आकडा भरून काढण्यासाठी होता. रूममेट या तर्काच्या बाजूचा, मी मूर यांच्या बाजूचा. 'ज्याने लिहिलं तोच नाही म्हणतोय, विषय संपला,' असं मी म्हणालो आणि चार दिवसांचा अबोला सुरू झाला.

दिवाळीत घरी आल्यावर हे आत्याला सांगितलं. ती गोकुळपेठेतून आणलेली मेथी निवडत बसली होती. म्हणाली, 'यात नवीन काय? आपल्या घरी हे कर्णावरून झालेलं आहे.'

१९६७ साली मराठीत दोन पुस्तकं आली. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' आणि इरावती कर्व्यांचं 'युगान्त'. कोल्हापुरातल्या सत्तावीस वर्षांच्या एका शिक्षकाने कर्णाला नायक केलं आणि तो, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण अशा एकेकाच्या तोंडून त्याची गोष्ट सांगितली. दुसरीकडे पुण्यातल्या एका मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी महाभारतातली माणसं टेबलावर घेऊन थंड डोक्याने तपासली, आणि त्यात कर्णाची फार गय केली नाही. आजच्या भाषेत दोन्ही रीबूटच, एकाच वर्षीचे, उलट्या तोंडाचे. आमचे आजोबा 'मृत्युंजय'वाले. त्यांचे धाकटे बंधू 'युगान्त'वाले. आत्याच्या म्हणण्याप्रमाणे गणपतीच्या जेवणात एकदा प्रकरण इतकं तापलं की धाकटे आजोबा वरणभातावरून उठून शंकरनगर चौकापर्यंत चालत गेले आणि मग ताक घ्यायला परत आले. नागपुरात तेव्हा अशा भांडणांना खतपाणीही भरपूर होतं. राम शेवाळकरांच्या रामायण-महाभारतावरच्या व्याख्यानांना माणसं गर्दी करायची आणि घरी येऊन पुन्हा पहिल्यापासून वाद घालायची.

बाहेरही हेच चाललं होतं. दुर्गाबाई भागवतांचं 'व्यासपर्व' १९६२ सालीच आलेलं होतं. 'युगान्त'मधल्या मतांना उत्तर म्हणून आनंद साधल्यांनी 'हा जय नावाचा इतिहास आहे' हे अख्खं पुस्तक लिहिलं. 'युगान्त'मधली सर्वांत खळबळजनक शंका कोणती, तर युधिष्ठिराचा बाप विदुर असेल का? विदुर यमधर्माचा अवतार, युधिष्ठिर धर्माचा मुलगा; धाकट्या दिराकडून नियोगाची चाल; आणि मरताना विदुर योगबळाने युधिष्ठिराच्या शरीरात शिरतो. बाईंनी धागे जुळवून दाखवले आणि निकाल न देता सोडून दिले. डॅनियलच्या तर्काची बांधणी हुबेहूब अशीच आहे, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी थोडा गप्प झालो. विदुराबद्दलची शंका मला विलक्षण वाटली होती आणि डॅनियलची खुळचट. दोन्हीकडे लोक एका मुलाचा बाप शोधत होते.

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे मला मूळ प्रत कुठे आहे हे आधी हवं असतं. महाभारताच्या बाबतीत ही हौस पुण्यातच भागवली गेली आहे. भांडारकर संस्थेने १९१९ साली चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू केलं, १९२५पासून वि. स. सुखटणकरांनी त्याला शिस्त लावली, आणि ते १९६६ साली, म्हणजे सावंत-कर्वे यांच्या बरोब्बर एक वर्ष आधी पूर्ण झालं. १,२५९ हस्तलिखितं गोळा केली, ओळीओळीने ताडून पाहिली, जे बहुतेक शाखांत सापडतं ते वर ठेवलं आणि जे नंतर घुसलं असावं ते तळटीपांत आणि परिशिष्टांत उतरवलं. त्याआधी प्रचलित होता तो सतराव्या शतकातल्या नीलकंठ चतुर्धराचा पाठ. हा मूळ गोदाकाठच्या कोपरगावच्या घराण्यातला, काशीत बसून त्याने निरनिराळ्या प्रती जमवल्या आणि त्याला उत्तम वाटले ते पाठ निवडले. आपण ज्याला 'मूळ महाभारत' म्हणत आलो तेही एका चाहत्याने निवडून बांधलेलं होतं, असं म्हटलं तर सुखटणकर रागावले असते, पण फार नाही.

या चाळणीतून काय खाली पडलं ते बघा. स्वयंवरात कर्ण धनुष्य उचलतो आणि 'मी सूताला वरणार नाही' असं द्रौपदी म्हणते, ते खाली गेलं. मयसभेत दुर्योधन पाण्यात पडतो तेव्हा 'आंधळ्याचा पोर आंधळा' असं द्रौपदी म्हणते, तेही मुख्य पाठात नाही. तिथे भीम आणि इतर हसतात, द्रौपदी त्या जागी नाहीच. बी. आर. चोप्रांच्या मालिकेने हे वाक्य पुन्हा घराघरांत पोचवलं, हा भाग वेगळा. वस्त्रहरणाच्या वेळी द्रौपदी कृष्णाचा धावा करते तो प्रसंग तळटीपेत गेला. मुख्य पाठात वस्त्रामागून वस्त्र निघत राहतं, कोण पुरवतं ते सांगितलेलं नाही. (पुढे उद्योगपर्वात मात्र कृष्ण म्हणतो की लांब असताना तिने मारलेली हाक माझ्यावर ऋणासारखी वाढत चालली आहे. संपादकांनी ते ठेवलं आहे. म्हणजे हाक आहे, पण ती मारतानाचा प्रसंग नाही.) आणि राहिलं काय? भर सभेत कर्ण द्रौपदीला वेश्या म्हणतो आणि तिची वस्त्रं उतरवायला दुःशासनाला सांगतो, ते राहिलं.

म्हणजे कर्णाचा अपमान उडाला आणि कर्णाने केलेला अपमान शिल्लक राहिला. कर्णाच्या बाजूने बोलणाऱ्याच्या हातातला मुख्य पुरावाच गेला.

हे मी २०१७च्या उन्हाळ्यात आजोबांना दाखवलं. बिबेक देबरॉय यांनी चिकित्सक आवृत्तीचा इंग्रजीत केलेला अनुवाद माझ्याकडे होता. सभापर्व उघडून मी त्यांच्या पुढ्यात ठेवलं, शेजारी खुणा घातलेले कागद. हेतू काय होता हे आज नीट सांगता येत नाही. एखादा बग सापडला की तो सगळ्या टीमला दाखवण्याची जी घाई असते, तशी काहीशी. त्यांनी चष्मा बदलून सावकाश वाचलं. दोनदा वाचलं. पुस्तक मिटून माझ्याकडे दिलं आणि म्हणाले, 'असेल.' मग ते अंगणात झाडांना पाणी घालायला गेले, दुपारी दोन वाजता, नागपूरच्या मे महिन्यात.

संध्याकाळी आत्या मला आत घेऊन रागावली. आजोबा वर्ध्याजवळ मामाच्या घरी वाढले हे मला माहीत होतं. का वाढले, हे मी कधी विचारलं नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाची जागा बरीच वर्षं कोरी होती, हे तिने तेव्हा सांगितलं. चाळीस वर्षं सरकारी नोकरी केलेला तो माणूस दर दोन-तीन वर्षांनी 'मृत्युंजय' पुन्हा का वाचत होता, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मलाच नव्हतं.

त्यानंतर मी 'युगान्त' परत वाचलं, आणि या वेळी बाईंच्या मतांपेक्षा त्यांची रीत जास्त दिसली. त्या चिकित्सक आवृत्ती धरून चालतात, कुठलाही लाड करत नाहीत. पण द्रौपदीच्या प्रकरणात एका जागी त्या थांबतात. हिमालयाच्या वाटेवर द्रौपदी कोसळते. पोथीत युधिष्ठिर तिच्या पडण्याचं कारण सांगतो, तिचा जीव अर्जुनावर जास्त होता म्हणून, आणि मागे न बघता पुढे चालतो. इंग्रजी आवृत्तीत बाई इथे वाचकाला बजावतात: इथवर मी चिकित्सक आवृत्तीला धरून होते, यापुढची माझी नरोटी. नरोटी म्हणजे नारळाची कोरडी करवंटी, टाकाऊ वस्तू. या अर्थाने शब्द एकनाथांचा, हेही त्या नोंदवतात. आणि मग त्या भीमाला तिच्यापाशी आणतात. आपल्यावर खरं प्रेम कोणी केलं हे तिला तिथे मरता मरता कळतं, आणि पुढच्या जन्मी तू थोरला हो, असं ती त्याला सांगते.

व्यासांनी हे लिहिलेलं नाही, हे बाईंना पुरतं माहीत होतं. लिहिल्यावाचून राहवलंही नाही. म्हणून त्यांनी मध्ये एक रेघ ओढली आणि पलीकडे जाऊन लिहिलं. आज फॅन फिक्शन लिहिणाऱ्या एखाद्या मुलीला मराठी शब्द हवा असेल तर तो साठ वर्षांपूर्वीच तयार आहे. मला सावंतांबद्दल थोडी कुरकुर आहे ती इथेच. त्यांनी रेघ ओढली नाही, सगळा नारळ एकच मानला. पण कादंबरीकाराने रेघ का ओढावी, असंही वाटतं. आजोबांना रेघ नको होती.

मूर यांनी शेवटात कॅराला कोणत्या तरी दैवी शक्तीच्या हवाली केलं. विज्ञानकथेत अडचणीच्या जागी देव आणून बसवला म्हणून लोक संतापले. त्यात जॉर्ज मार्टिनही होते. इकडे भांडारकरच्या संपादकांनी वस्त्रहरणातून देव बाहेर काढला म्हणून कितीतरी भाविक अजून दुखावलेले आहेत. दोन्ही गटांची एकदा ट्रॅफिक पार्कजवळ तर्रीपोह्यांवर गाठ घालून द्यावी असं मला फार वाटतं.

२०२०च्या लॉकडाउनमध्ये मी धरमपेठेत घरूनच काम करत होतो. एका रात्री तो शेवटचा भाग पुन्हा लावला. आजोबा पाणी प्यायला उठले होते, खुर्चीत टेकले. 'काय पाहून राहिला रे?' मी थोडक्यात सांगितलं: ही वैमानिक, मेली, परत आली, आता बघा. लीने मान वळवली. ती नाहीशी झाली. आजोबा पडद्याकडे बघत राहिले.

'हिचे आईबाप कोण?'

आई मेली, म्हटलं, बाप लहानपणीच सोडून गेला. मग त्यांना डॅनियलची गोष्ट सांगितली. काही लोकांना वाटतं तो तिचा बाप होता, सगळं जुळतं, पण ज्याने ही मालिका लिहिली त्याने स्वतः सांगितलंय की नव्हता.

'त्याला काय माहीत बापा,' आजोबा म्हणाले आणि पेला घेऊन स्वयंपाकघरात गेले.