चराई, सलग व फेरपालटीची
कुरणात जनावरे संपूर्ण हंगामभर मोकळी ठेवण्याच्या पद्धतीस सलग चराई म्हणतात. कुरणाचे खंड पाडून कळप क्रमाने एका खंडातून दुसऱ्यात नेणे व चरून झालेल्या खंडास विश्रांती देणे, ही फेरपालटीची चराई होय. या दोहोंपैकी श्रेष्ठ कोणती, हा वाद दोन शतकांहून अधिक काळ चालू असून त्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी एका प्रदेशातील अनुभव दुसऱ्या प्रदेशास लागू करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

फेरपालटीचा युक्तिवाद गवताच्या वाढीवर आधारलेला आहे. पाने खाल्ली गेल्यावर गवतास नवी पालवी फुटते ती प्रथम बुडाशी साठविलेल्या अन्नावर. पुरेशी पाने आल्यानंतर वाढ वेगाने होते व तो साठा भरून निघतो. सलग चराईत जनावर आवडीचे गवत निवडून खाते आणि कोवळी पालवी दिसताच त्याच बुंध्याकडे परतते. त्यामुळे चांगली गवते खुरटतात व निरुपयोगी वनस्पतींना वाव मिळतो. हे निरीक्षण जुने आहे. स्कॉटिश शेतकरी व अर्थशास्त्रज्ञ जेम्स अँडरसन (१७३९–१८०८) याने शेतीविषयक निबंधांत (१७७७) कुरणाचे पंधरा-वीस सारख्या प्रतीचे भाग पाडावेत, सर्व जनावरे एकत्र करून एका वेळी एकाच भागात सोडावीत व गवत ताजे असतानाच ती पोटभर खाऊ द्यावीत, असे सुचविले. जनावरे भटकत राहिली म्हणजे खातात त्यापेक्षा तुडवितात अधिक, हे त्याच्या ध्यानात आले होते. (भूमिखंडाच्या सिद्धांताचा आद्य प्रवर्तक म्हणून मार्क्सने ज्याचा गौरव केला, तो अँडरसन हाच.) तथापि इतकी कुंपणे घालण्याचा खर्च सामान्य शेतकऱ्यास पेलणारा नव्हता. काटेरी तार (१८७४ मधील ग्लिडनचे एकस्व) व १९३० नंतर प्रचारात आलेले विद्युत् कुंपण यांमुळे ही अडचण दूर झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीतील होहेनहाइम येथे लहान खंड, भरपूर नत्रखत व दुधाच्या प्रमाणानुसार गायींचे गट अशी पद्धत बसविण्यात आली आणि युद्धानंतर ती इंग्लंडमध्येही पोहोचली.

या विचारास शास्त्रीय मांडणी दिली ती नॉर्मंडीतील शेतकरी व जीवरसायनशास्त्रज्ञ आंद्रे व्ह्वाझँ (१९०३–६४) याने. गवताच्या उत्पादकतेवरील त्याचा ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. खंडास द्यावयाची विश्रांती पंचांगावरून नव्हे, तर गवताच्या वाढीवरून ठरवावी, हे त्याच्या विवेचनाचे सार आहे. नॉर्मंडीत मे-जूनमध्ये सु. १८ दिवस पुरतात, तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सु. ३६ दिवस लागतात. शिवाय एका खंडातील मुक्काम इतका अल्प असावा, की नव्याने फुटलेली पालवी त्याच मुक्कामात पुन्हा खाल्ली जाऊ नये. त्याच्या अनुयायांनी पुढे ठराविक दिवसांची कोष्टके केली. मुळात त्याचा आक्षेप अशाच कोष्टकांवर होता. १९६४ मध्ये क्यूबात व्याख्यानांसाठी गेला असता हाव्हाना येथे त्याचे निधन झाले.

यूरोपातील ही कुरणे पावसाची, खताची व बहुधा पेरलेल्या गवताची होत. अमेरिकेच्या पश्चिमेकडील विस्तीर्ण, शुष्क व नैसर्गिक गवताळ प्रदेशांचा प्रश्न निराळा होता. तेथे यादवी युद्धानंतर गुरांची संख्या बेसुमार वाढली आणि १८८६-८७ च्या हिवाळ्यात अनेक ठिकाणी कळपच्या कळप मेले. ऑरेगनमधील वॉलोवा पर्वतात आर्थर सॅम्पसन (१८८४–१९६७) याने केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. कुरणाचा एक भाग बी पिकेपर्यंत राखावा, नंतर त्यात जनावरे सोडावीत म्हणजे खुरांखाली बी मातीत दाबले जाते, व पुढे दुसरा भाग राखावा, अशी ही विलंबित फेरपालट होती. तिचा हेतू ऱ्हास पावलेल्या कुरणाचे पुनरुज्जीवन हा होता. दूध वा मांस वाढविणे हा नव्हता. हा भेद पुढील वादात अनेकदा विसरला गेला.

दोन्ही पद्धतींची काटेकोर तुलना न्यूझीलंडमधील रुआकुरा संशोधन केंद्रात सी. पी. मॅकमीकन (१९०८–७२) व सहकाऱ्यांनी केली. तोवरच्या बहुतेक तुलनांत फेरपालटीच्या कुरणात जनावरेही अधिक असत. त्यामुळे फरक कशाचा, हे सांगता येत नसे. मॅकमीकन व वॉल्श यांच्या १९६३ च्या निबंधात दोन्ही घटक वेगळे करण्यात आले. दर हेक्टरी गायींची संख्या हा उत्पादनावर सर्वाधिक परिणाम करणारा घटक ठरला. पद्धतीचे स्थान त्याच्या खालचे. फेरपालटीचा लाभ दिसला तो मुख्यतः गायींची दाटी अधिक असताना. वादाचा निकाल येथेच लागावयास हवा होता. परंतु तसे झाले नाही.

ऱ्होडेशियातील (आताचा झिंबाब्वे) ॲलन सेव्हरी (जन्म १९३५) याने शुष्क प्रदेशांसाठी अधिक धाडसी सिद्धांत मांडला. दाट कळप अल्पकाळ ठेवून हलविल्यास खुरांनी जमिनीवरील कठीण पापुद्रा फुटतो व पाणी मुरते; म्हणून जनावरे कमी करण्याऐवजी वाढवावीत, असे त्याचे प्रतिपादन होते. १९८० च्या दशकात अमेरिकेतील पशुपालकांत त्याचा मोठा प्रसार झाला. संख्या घटविण्यास न सांगणारा उपाय लोकप्रिय व्हावा, यात नवल नाही. डेव्हिड ब्रिस्क व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा वनस्पति-उत्पादन २३ पैकी २० प्रयोगांत सलग चराईत फेरपालटीइतकेच किंवा अधिक आढळले. दर जनावरामागील उत्पादनाबाबत ३८ पैकी ३५ प्रयोगांत असेच घडले. प्रयोगांतील खंड लहान व वेळापत्रक ठराविक असते, कुशल पशुपालक तसे वागत नाही, असा आक्षेप यावर घेतला गेला आणि तो रास्त होता. म्हणून कोलोरॅडोत १३० हेक्टरांच्या दहा कुरणांची फेरपालट पशुपालक, शासकीय अधिकारी व निसर्गसंरक्षक यांच्या संयुक्त गटाच्या निर्णयाने करण्यात आली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या पद्धतीतील बैलांची वजनवाढ सलग चराईतील बैलांपेक्षा १२ ते १६ टक्के कमी भरली. दाट कळपात जनावरास निवडून खाण्यास वाव राहत नाही, हे त्याचे कारण देण्यात येते. अँडरसनपासून जी निवड दोष मानली गेली, तीच अशा शुष्क प्रदेशात जनावराच्या पोषणाचा आधार ठरते.

दख्खनमध्ये प्रश्नाचे स्वरूप आणखी वेगळे आहे. गावच्या गायरानावर चराई सलग असते आणि जनावरांची संख्या ठरविणारा कोणी नसतो. राखीव कुरणात पावसाळ्यात गुरे न सोडता गवत वाढू देऊन नंतर कापण्याची रीत आहे. धनगरांचे कळप पाऊस व चारा यांच्या मागे फिरतात आणि वाटेवरील शेतांत खतासाठी बसविले जातात. कुंपणावाचून होणारी ही फेरपालटच होय. राळेगणसिद्धी व हिवरे बाजार येथे चराईबंदीमुळे डोंगरउतारांवर पुन्हा गवत आले व ते कापून नेण्याची प्रथा पडली. मात्र ज्याच्याकडे वैरणीपुरतीही जमीन नाही, त्या शेळी-मेंढीपालकास बंद झालेल्या कुरणाऐवजी चरण्यास दुसरा खंड उरत नाही.