बोरघाटातली हमी

इंग्लंडच्या औद्योगिक क्रांतीचे प्रकरण मी वर्गात शिकवतो, तेव्हा विद्यार्थी वाफेचे यंत्र, मँचेस्टर, लँकेशायर ही नावे पाठ करतात. त्यांतली कितीतरी मुले कर्जत-खोपोलीच्या गाडीने आलेली असतात. त्या क्रांतीने टाकलेल्या वाटेवरूनच आपण रोज येतो, हे मात्र पाठ्यपुस्तक त्यांना सांगत नाही.

जगाला कापड पुरवू निघालेल्या इंग्लंडला कापूस हवा होता. तो प्रामुख्याने अमेरिकेतल्या गुलामांच्या मळ्यांतून येई. त्या एकाच पुरवठ्यावर विसंबणे गिरणीमालकांना धोक्याचे वाटू लागले, आणि त्यांची नजर दख्खन-वऱ्हाडाकडे वळली. डलहौसीच्या १८५३ च्या रेल्वेविषयक टिपणीतही इंग्लंडच्या या कापसाच्या भुकेचा उल्लेख आहे.

भूक त्यांची, खर्चाचा भार कुणावर? १८४९ च्या करारान्वये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीला भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी मिळाली. उत्पन्न कमी पडले, तर तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायची. त्या तिजोरीत मोठा वाटा होता शेतसाऱ्याचा. म्हणजे नफा लंडनच्या भागधारकाचा आणि जोखीम इथल्या रयतेची!

१८५६ मध्ये गाडी पळसदरीवरून खोपोलीला पोहोचली. १८५८ मध्ये खंडाळा-पुणे मार्ग सुरू झाला. मधे उभा होता बोरघाट: सुमारे १५ मैलांत १,८३१ फुटांची चढण आणि २५ बोगदे. सुरुंगाची भोके पाडण्यासाठी माणसे दोराने कड्यावरून खाली सोडली जात. कामाच्या ऐन भरात सुमारे ४० हजार मजूर राबत होते. त्यांत भूमिहीनांचा आणि हीन लेखलेल्या जातींचा भरणा होता. गावाने ज्यांच्या हाती जमीन दिली नाही, त्यांच्या हाती साम्राज्याने पहार दिली. पटकी, ताप आणि सुरुंग यांनी नेलेल्यांचे अंदाज वीस-पंचवीस हजारांपर्यंत जातात.

१८५९ मध्ये थकलेल्या मजुरीसाठी हे मजूर उठले. त्यानंतर १८६० मध्ये मालक-मजूर तंट्यांचा कायदा झाला. मजुरीच्या तक्रारीचा झटपट निकाल लागावा अशी सोय त्यात होती. पण करार मोडणारा मजूर त्याच कायद्याने गुन्हेगार ठरला. हा कायदा १९३२ पर्यंत टिकला. भांडवलाला हमी, श्रमाला शिक्षा असा हा न्याय होता.

त्याच १८५९ मध्ये कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट पुढे चालवले. तिचे नाव इतिहासात राहिले, आणि ते योग्यच आहे. पण आपल्या नवऱ्यामागे त्याच घाटात पाटी उचलत राहिलेल्या बायकांची नावे कुठे आहेत?

एप्रिल १८६३ मध्ये घाट खुला झाला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले होते, कापसाचे भाव कडाडले होते आणि मुंबईत पैशाचा पूर आला होता. तिकडे गुलामगिरी मोडण्याची लढाई चालू असताना इकडचा कापूस या घाटाने बंदराकडे निघाला. पुढे याच वाटेने गिरणीचे कापड वर चढले आणि हातमागावर घाव घालत गेले.

आता खालापुरातून द्रुतगती महामार्ग जातो, आणि देश महासत्ता होणार असे आपण रोज ऐकतो. व्हावा; आपलाही त्याला विरोध नाही. पण आपला प्रश्न बोरघाटाइतकाच जुना आहे: या वेळी हमी कुणाला आणि पहार कुणाच्या हाती?